वजनकाट्याची तार आणि संगणकातील सोंग



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय एखाद्या तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शोभला असता. दिवसभराचे ऊन सोसून, धंदा आटोपून संध्याकाळी चार शब्द ऐकायला आलेल्या नागरिकांपुढे तो कशाला? विषयाचे नावही लांबलचक आहे. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक कसा चालवतात, आणि त्या आतल्या संगणकाला यूएसबीच्या सीरियल उपकरणाचे सोंग कसे दाखवतात, असे ते नाव. परंतु या नावाआड लपलेली गोष्ट आपल्या नित्याच्या व्यवहारातली आहे. ती गोष्ट म्हणजे वजन. आणि जालन्याला वजनाहून जवळचा विषय दुसरा कोणता असणार?

‘जालना सोन्याचा पाळणा’ असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. हे सोने कोणत्याही खाणीतून निघालेले नाही. ते तोलून आणि मापून आलेले आहे. अंबड-घनसावंगीकडचा ऊस, बागांतली मोसंबी, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतला कापूस, सोयाबीन, तूर, मका हे सारे कुठल्या ना कुठल्या काट्यावरून जाते. १९६४ साली याच गावी महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन झाली. बियाणे तर तोळामासाच्या हिशेबाने विकण्याची वस्तू. औद्योगिक वसाहतीतले कारखाने भंगार लोखंड वितळवून सळई करतात. तेथे भंगाराची गाडी आत येताना तोलायची आणि सळईची गाडी बाहेर जाताना तोलायची. या गावाची लक्ष्मी काट्यावरून चालत येते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

जुन्या मोंढ्यात हा काटा मापाड्याच्या हातात असे. त्या काळी शेर आणि मण ही मापे होती, आणि एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाशी जुळेलच अशी खात्री नसे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. किलो सर्वत्र एकच झाला. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. व्यापाराच्या काट्याची ठरावीक मुदतीत सरकारी तपासणी व्हावी लागते आणि त्यावर मोहोर उठवावी लागते. म्हणजे काट्याच्या खरेपणाची व्यवस्था आपण करून ठेवली आहे. प्रश्न येतो तो त्यापुढे. काट्यावरचा आकडा पावतीवर पोहोचेपर्यंत त्याचा प्रवास कसा होतो, आणि त्या वाटेवर राखण कोणाची, हा आजचा प्रश्न आहे.

तो प्रवास आपण पायरीपायरीने पाहू.

भुईकाट्याच्या फलाटाखाली पोलादी ठोकळे बसवलेले असतात. त्यांना लोडसेल म्हणतात. गाडीचे ओझे पडले की तो ठोकळा डोळ्यांना न दिसण्याइतका दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि काही सहस्रांश व्होल्टचा फरक उत्पन्न होतो. काट्याच्या खोलीतली लाल आकड्यांची पेटी तो फरक मोजून त्याचे किलो करते. त्या पेटीला इंडिकेटर म्हणतात. येथपर्यंतचे सारे तपासणीच्या आणि मोहोरेच्या कक्षेत आहे.

या पेटीच्या पाठीमागून एक तार निघते आणि संगणकाकडे जाते. ही तार बहुधा सीरियल पद्धतीची असते. सीरियल म्हणजे एकामागून एक. अरुंद दारातून माणसे जशी एकेरी रांगेने बाहेर पडतात, तशी अक्षरांची चिन्हे या तारेतून एकेक करून जातात. या पद्धतीचे आरएस-२३२ नावाचे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले, आणि १९६९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. नेहमीच्या मांडणीत एका अक्षराला आठ चिन्हे, शिवाय आरंभाचे एक आणि शेवटचे एक, अशी दहा लागतात. सेकंदाला ९,६०० चिन्हे असा वेग ठेवला तर ९६० अक्षरे जातात. पाच अंकी वजन पोहोचायला सेकंदाचा शंभरावा भागदेखील पुरतो. साठ वर्षांहून जुनी ही पद्धत अजून टिकून आहे, कारण ती स्वस्त आहे, सोपी आहे, आणि कारखान्याच्या धुळीत, उन्हात तग धरते. दूध संकलन केंद्रावरचे फॅट मोजण्याचे यंत्र असो की कारखान्यातले जुने लेथ असो, त्यांच्या पाठीमागे पुष्कळदा हीच नऊ टाचण्यांची जोडणी सापडते.

पुढे १९९६ च्या जानेवारीत यूएसबी या नव्या जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ऐकायला बरी वाटेल. यूएसबीने घराघरांतले संगणक सोपे केले. पण हळूहळू संगणकावरची जुनी नऊ टाचण्यांची जागा नाहीशी झाली. काटा जुना आणि संगणक नवा, अशी स्थिती आली. तेव्हा मध्ये दुभाषा बसवावा लागला. बाजारात शे-दोनशे रुपयांपासून मिळणारी, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सीरियल असलेली जी लहानशी वायर आपण पाहता, तिच्या पोटात एक चिप असते. तीच हा दुभाषा. अशा चिप करणाऱ्यांमध्ये स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही जुनी आणि प्रसिद्ध कंपनी आहे.

दुभाष्याचे काम वाटते तितके सोपे नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चालीरीती वेगळ्या आहेत. सीरियल तारेवर काट्याला वाटेल तेव्हा बोलता येते. यूएसबीचा कारभार कोर्टातल्यासारखा आहे. साक्षीदाराने विचारल्यावाचून बोलायचे नाही, आणि पिंजऱ्यात उभे राहिल्याबरोबर प्रथम आपले नाव-गाव सांगायचे. उपकरण जोडले की संगणक त्याला विचारतो, तू कोणाचा आणि कोण? एफटीडीआयची नेहमीची चिप उत्तर देते, माझ्या घराण्याचा क्रमांक ०४०३ आणि माझा स्वतःचा ६००१. हे क्रमांक ऐकून संगणक योग्य तो चालक कार्यक्रम, म्हणजे ड्रायव्हर, पुढे करतो, आणि मग काट्याचे बोलणे सुरू होते. संगणकाने उपकरण ओळखले असे आपण म्हणतो, तेव्हा संगणकाने त्याचे शब्द ऐकलेले असतात. त्याचे तोंड पाहिलेले नसते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढचे सारे विवेचन तीवर उभे आहे.

आता आपण संगणकातल्या संगणकाकडे वळू. काट्यावर पावत्या करणारे सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी वीस-वीस वर्षांचे जुने असते. ते विंडोज एक्सपीवर चालते, करणारा माणूस आता सापडत नाही, पण मालकाला त्याची सवय आहे आणि वर्षानुवर्षांचा हिशेब त्यात आहे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून आधार देणे थांबवले. जुना संगणक एके दिवशी बंद पडतो, आणि नव्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर चालायला तयार नसते. अशा वेळी आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, उपयोगी पडते.

आभासी यंत्र म्हणजे काय? मोठ्या वाड्यात चार बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, आणि आत राहणाऱ्याला ते संपूर्ण घरच वाटते. त्याप्रमाणे एका खऱ्या संगणकाच्या आत एक कार्यक्रम असा देखावा उभा करतो की, आतल्या विंडोज एक्सपीला आपण एका स्वतंत्र यंत्रावर राज्य करीत आहोत असेच वाटते. खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या प्रचंड संगणकांवर ती सिद्ध केली होती, आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती बाजारात आणली. घरगुती संगणकावर ती व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली आणली. २००३ साली फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने क्यूईएमयू नावाचा असाच कार्यक्रम केला. तो कोणालाही विनामूल्य मिळतो आणि त्याची रचना कोणालाही वाचून पाहता येते.

पाहुणा आत सुखाने नांदू लागला. पण त्याला काट्याची तार जोडायची कोठे? त्याच्या यंत्राला भिंत नाही, मग भोक कोठून असणार? येथे दोन मार्ग आहेत. पहिला असा की, यजमानाच्या यंत्राला लावलेली खरी वायर सरळ पाहुण्याच्या ताब्यात द्यायची. मग यजमान तिला हात लावत नाही. हा मार्ग सरळ आहे, परंतु खरी वायर त्याच यंत्राला लागलेली असली पाहिजे. दुसरा मार्ग सोंगाचा. खरी चिप मुळीच नसते. यजमान स्वतः एफटीडीआयच्या चिपची भूमिका घेतो. पाहुण्याने विचारले, तू कोण? की यजमान गंभीरपणे सांगतो, ०४०३ आणि ६००१. पाहुण्याचा ड्रायव्हर समाधान पावतो, आणि पडद्यावर कॉम-३ किंवा कॉम-४ असे नवे दार उघडते.

क्यूईएमयूमध्ये हे सोंग एफटी२३२ या चिपचे आहे, आणि ते किती बारकाईने वठवावे लागते हे पाहण्यासारखे आहे. खरी चिप संगणकाकडे मजकूर पाठवताना प्रत्येक पुडक्याच्या आरंभी स्थिती सांगणारी दोन चिन्हाक्षरे जोडते. तारेची पलीकडची बाजू तयार आहे का, काही चूक झाली का, हे त्यांत असते. चौसष्ट अक्षरांच्या पुडक्यात खरा मजकूर त्यामुळे बासष्टच. सोंगानेही ती दोन अक्षरे प्रत्येक वेळी जोडलीच पाहिजेत. विसरला तर ड्रायव्हर मजकुराची पहिली दोन अक्षरे स्थिती समजून काढून टाकील, आणि वजनाचे पहिले दोन आकडे गळतील!

दुसरी लकब वेगाची. या चिपला वेग सांगायचा म्हणजे ३० लाखांना कितीने भागायचे ते सांगायचे. ९,६०० हा वेग हवा तर भाजक ३१२॥, म्हणजे तीनशे साडेबारा. हा अर्धा कसा सांगायचा? अपूर्णांकांसाठी चिपमध्ये सांकेतिक आकडे आहेत, आणि त्यांचा क्रम चमत्कारिक आहे. अर्ध्याला १, पावाला २, अष्टमांशाला ३, मग तीन अष्टमांशाला ४, आणि त्यापुढे पाच, सहा व सात अष्टमांशांना अनुक्रमे ५, ६ आणि ७. आपल्या जुन्या मोंढ्यातही अच्छेर, पावशेर, नवटाक अशी उतरती मापे होती. ज्याने ती वापरली त्याला या क्रमाचे फारसे आश्चर्य वाटू नये. पण सोंग आणणाऱ्याला हा क्रम जसाच्या तसा पाठ करावा लागतो. सोंग घ्यायचे तर चालण्याबोलण्याच्या लकबीही घ्याव्या लागतात, हे आपल्या बहुरूप्यांना कोणी शिकवायला नको.

कोणी विचारील, खरी वायर असताना एवढा खटाटोप कशासाठी? त्याचे उत्तर असे की, सोंगाच्या पाठीमागे काय जोडावे याचे स्वातंत्र्य आपल्याला मिळते. पाहुण्याला समोर फक्त चिप दिसते. चिपच्या पाठीमागून आकडे कोठून येतात ते त्याला कळत नाही. ते यजमानाच्या खऱ्या तारेतून येऊ शकतात. ते संगणकांच्या जाळ्यातून येऊ शकतात. म्हणजे काटा कारखान्याच्या दाराशी आणि हिशेबाचा संगणक दूरच्या कचेरीत, अशी व्यवस्था होते. ते एखाद्या साठवलेल्या फाईलमधूनही येऊ शकतात. जुन्या धर्तीची सीरियल दारे क्यूईएमयूमधल्या सामान्य संगणकाला चारपर्यंतच मिळतात. यूएसबीच्या सोंगाने पाहिजे तितकी वाढवता येतात, आणि चालू यंत्रातही नवी जोडता येतात. ज्या विद्यार्थ्याला भुईकाटा पाहायलाही मिळत नाही, तो आपल्या खोलीत बसून काट्याचे सॉफ्टवेअर लिहू शकतो आणि शंभर खोट्या गाड्या त्यावरून नेऊन ते तपासू शकतो. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. प्रयोगशाळा बांधायला पैसा लागतो. सोंगाला बुद्धी आणि चिकाटी पुरते.

आता या सोंगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा काळाची. पाहुण्याने सेकंदाला ९,६०० चिन्हे असा वेग ठरवला तरी, पाठीमागे खरी तार नसेल तर आकडे त्या वेगाने येतीलच असे नाही. यजमानाला सवड मिळेल तसे ते येतात, कधी लोंढ्याने तर कधी थांबून. दोन आकड्यांमधल्या विरामावर अवलंबून असलेले जुने सॉफ्टवेअर येथे गोंधळते. दुसरी मर्यादा खंडाची. पाहुण्याला मध्येच गोठवून ठेवता येते आणि नंतर जागे करता येते. तो जागा होईल तेव्हा त्याच्या पडद्यावर मघाचीच गाडी उभी असते. काट्यावर मात्र दुसरी आलेली असते. तिसरी मर्यादा याहून गंभीर आहे. आभासी यंत्राची एका क्षणाची संपूर्ण नोंद करून ठेवता येते, तिला स्नॅपशॉट म्हणतात. यंत्र बिघडले की त्या क्षणाकडे परत जाता येते. सोय उत्तम, परंतु परत गेलो की मधल्या काळातल्या पावत्याही पुसल्या जातात, आणि पाहुण्याला त्याची गंधवार्ता नसते. ज्याचा हिशेब आभासी यंत्रात आहे त्याने हिशेबाची प्रत रोजच्या रोज त्या यंत्राच्या बाहेर ठेवली पाहिजे.

यापुढचा भाग या व्याख्यानाचा गाभा आहे. सोंग इतके हुबेहूब वठते की आतल्या कार्यक्रमाला खरे-खोटे कळत नाही, हे आपण पाहिले. मग काट्याच्या तारेऐवजी भलत्याच कार्यक्रमाने आकडे पाठवले तर? समजा, अंबडकडचा एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन आला. काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन ६,४२० किलो, रिकामीचे २,९८०. निव्वळ कापूस ३,४४०. पेटीवर हे आकडे बरोबर आहेत. पण मध्ये बसलेल्या सोंगाने ६,४२० च्या जागी ६,३८० सांगितले तर पावतीवर ३,४०० उतरेल, आणि चाळीस किलो कापूस वाटेत नाहीसा होईल. काट्यावरची सरकारी मोहोर शाबूत, लोडसेल निर्दोष, सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदललेले नाही. तरी माप खोटे. जुना लबाड मापाडी दांडीला बोट लावी, ते निदान डोळ्यांना दिसे. हे बोट दिसत नाही. आणि यात तोटा शेतकऱ्याचाच होतो असे समजू नका. भंगाराच्या गाडीचे वजन वाढवून सांगणारे सोंग कारखानदाराला बुडवील. दोन्ही बाजूंना ही राखण सारखीच लागू आहे.

मग अशी सोंगे बंद करावीत काय? आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कारणे आपल्या परंपरेतच सापडतात. आपल्याकडे सोंगाचे दोन प्रकार आहेत. बहुरूपी फौजदाराचा वेष घालून दाराशी येतो, दरडावतो, घरच्या पोरांना घाबरवतो, आणि शेवटी हसून बक्षिसी मागतो. त्याचे सोंग उघड आहे. ते पाहून आपण त्याचे कौतुक करतो. तोतया वेगळा. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे म्हणत एक इसम उभा राहिला, लोक त्याच्या भोवती जमले, किल्ले त्याच्या हाती गेले, आणि १७७६ साली मराठी राज्याला त्याचे बंड मोडावे लागले. रूप घेण्याची कला दोघांचीही एकच. फरक इतकाच की, बहुरूपी आपण सोंग आहोत हे सांगतो आणि तोतया ते लपवतो. सोंग आणणे हा गुन्हा नव्हे. सोंगाच्या नावावर खरी पावती फाडणे हा गुन्हा आहे.

तोतयाला पकडायच्या भरात निरपराध्याला मार बसतो, याचाही एक दाखला या क्षेत्रात आहे. एफटीडीआयच्या चिपच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. त्याही ०४०३ आणि ६००१ असेच नाव सांगत. २०१४ च्या ऑक्टोबरात कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून लोकांच्या संगणकांत गेला, आणि नकली चिप सापडली की तिचा क्रमांक पुसून शून्य करू लागला. ज्यांनी ती वायर खरी समजून विकत घेतली होती, त्यांची उपकरणे एकाएकी मुकी झाली. फार ओरड झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. कंपनीची तक्रार खोटी नव्हती. पण शिक्षा मात्र नकल करणाऱ्याला न होता शेवटच्या गिऱ्हाइकाला झाली. नुसते नाव विचारून आणि नावावरून शिक्षा करून सत्य सांभाळले जात नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

मग सत्य सांभाळायचे कसे? आमच्या मते ते तारेच्या शेवटी न शोधता काट्यापाशीच धरून ठेवले पाहिजे. त्यासाठी काही साधे नियम सुचतात.

पहिला नियम डोळ्यांचा. काट्याची लाल आकड्यांची पेटी, किंवा तिच्याशी जोडलेला मोठा फलक, गाडीवाल्याला आणि मालाच्या धन्याला दिसेल असा असावा, आणि पावती हातात घेण्यापूर्वी तिच्यावरचा आकडा फलकाशी ताडून पाहावा. पेटीवरचा आकडा मोहोरेच्या कक्षेतला आहे. पडद्यावरचा तसा असेलच असे नाही. शेतकऱ्याने मान वळवून पेटी पाहणे हा अविश्वास नव्हे, तो त्याचा हक्क आहे. ज्याचा काटा खरा आहे त्याने स्वतः होऊन ‘पाहा’ म्हणावे.

दुसरा नियम वेगळेपणाचा. सरावाचे आभासी यंत्र आणि पावतीचे आभासी यंत्र ही दोन असावीत. सरावाच्या यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘सराव’ हा शब्द मोठ्या अक्षरात छापलेला असावा, म्हणजे बहुरूप्याने आपण बहुरूपी आहोत हे सांगितले.

तिसरा नियम मालकासाठी. आपल्या संगणकातल्या कॉम-३ च्या पाठीमागे काय जोडलेले आहे, हे त्याला स्वतःला माहीत असावे. बसवून देणाऱ्या कारागिराकडून ते एका कागदावर लिहून घ्यावे: तार कोठून निघते, कोणत्या यंत्रातून जाते, कोठे संपते. घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे जसे आपण जाणतो, तसेच हे जाणले पाहिजे.

चौथा नियम पडताळ्याचा. महिन्यातून एकदा एखादी गाडी फलाटावर उभी असता पेटीवरचा आणि पडद्यावरचा आकडा साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावा, आणि मग तीच गाडी जवळच्या दुसऱ्या काट्यावर तोलून पाहावी. दोन काट्यांचे एकाच वेळी संगनमत होणे कठीण.

पाचवी गोष्ट पुढच्या काळाची आहे. प्रत्येक आकड्याबरोबर पेटीने आपली गुप्त सही पाठवावी, अशी रीत संगणकशास्त्राला चांगली ठाऊक आहे. सहीचे गुपित मोहोरबंद पेटीच्या आत राहते. मधल्या सोंगाला आकडा बदलता येतो, पण बदललेल्या आकड्यावर सही करता येत नाही. बहुतेक जुन्या पेट्या नुसता आकडा पाठवतात, सही पाठवत नाहीत. नवा काटा घेताना विकणाऱ्याला हा प्रश्न अवश्य विचारावा. गिऱ्हाईक विचारू लागले की कारखाने करू लागतात.

येथे कोणी एक आक्षेप घेईल. इतकी दगदग करण्यापेक्षा जुने सॉफ्टवेअर, जुना काटा, सारे फेकून नवे का घेऊ नये? ज्याला परवडते त्याने घ्यावे. परंतु चांगला चालणारा काटा, केवळ त्याची तार जुन्या धर्तीची आहे म्हणून मोडीत काढणे, हे आपल्यासारख्या काटकसरी लोकांना पटणारे नाही. शिवाय नव्या यंत्राच्या आतही तीच सीरियल तार आणि तोच दुभाषा पुष्कळदा दडलेला असतो. यंत्र नवे घेतल्याने सावधपणातून सुटका होत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यात म्हण आहे की सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. त्या म्हणीत आज आम्ही एका शब्दाची भर घालतो. तारेचे सोंग आणता येते, चिपचे आणता येते, सबंध संगणकाचे आणता येते. वजनाचे सोंग मात्र फलाटावर आणता येत नाही. तेथे ओझे असते किंवा नसते. आपल्या मुलांनी ही सोंगाची विद्या जरूर शिकावी. तिच्यात पोटापाण्याची सोय आहे, जुन्या यंत्रांना जगवण्याची शक्ती आहे, आणि बुद्धीला आनंदही आहे. पण मोंढ्यात किंवा कारखान्याच्या दाराशी उभे राहिल्यावर त्यांनी नजर पेटीवर ठेवावी, आणि शेजारच्या अडाणी माणसालाही ती पेटी दाखवावी. शिकलेल्या माणसाचे गावावर एवढे ऋण आहेच.